चावीवाल्या नानांचा उन्हाळा

नाना रस्त्याने चालताना समोर कधी बघत नसत. नजर खाली, डांबरावर. एखादं लोखंडी झाकण दिसलं की पाऊल थबकायचं, मान जरा कलायची आणि आपल्याला हॉर्नपलीकडे काहीही ऐकू येत नसताना नाना सांगायचे, "लाइन चालू आहे." पालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी पस्तीस वर्षं चावीवाला म्हणून काढली होती. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे, ठरल्या वेळी बंद करायचे. त्यांनी चावी फिरवली की लालबाग-परळच्या घरांत नळ वाजायला लागायचे. आमच्या चाळीत नाना तिघे होते, पण चावीवाले नाना एकच.

त्यांची बायको सुमनकाकी. आमचं दार आणि त्यांचं दार शेजारी, त्यामुळे त्यांच्या संसारातलं न ऐकलेलं असं माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. काकींनी लग्नाचं घर असो, जत्रा असो, कुठेही जायचं काढलं की नाना म्हणायचे, "पाण्याची वेळ आहे." ते खरंही असायचं. सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी, मधे जेवण आणि झोप. एकुलती मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, नाना निवृत्त झाले, तरी सवय सुटली नाही. पाच वाजले की उगाचच उठून गॅलरीत येऊन उभे राहायचे. काकी ब्लाउज शिवत बसायच्या. दोघांनी मिळून चौपाटीसुद्धा लग्नानंतर एकदाच पाहिली होती.

त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी काकी फुलं आणायला दादरला गेल्या आणि दुपार झाली तरी परतल्या नाहीत. नाना दोनदा बसस्टॉपपर्यंत जाऊन आले. शेवटी मिरची कांडायच्या दुकानातली एक बाई काकींना हाताला धरून घेऊन आली. काकी आपल्याच स्टॉपवर उतरल्या होत्या आणि पुलाखाली तासभर उभ्या होत्या. घर कुठल्या बाजूला, ते आठवेना. ऊन लागलं असेल, असं म्हणून त्या हसल्या आणि झेंडूची पिशवी सोडायला बसल्या. नाना हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळे गोडाचं जेवून पडले होते, तेव्हा नानांनी मला जिन्यावर बोलावलं. मी बँकेत काम करते, म्हणजे मला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता. "बाय, त्या विसरायच्या आजाराला औषध असतं का गो?" त्यांनी विचारलं. मी फोनवर शोधून जे वाचलं त्यातलं निम्मंच सांगितलं. निम्मं लपवलंय, हे त्यांनी ओळखलं असणार. डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाले, "थांब जरा. आधी गळती आहे की नाही ते मी बघतो."

आणि मग आठवड्याभरात चाळीला नवल वाटावं अशी गोष्ट सुरू झाली. नाना बायकोला फिरायला न्यायला लागले. एक दिवस राणीची बाग, एक दिवस शिवडीच्या खाडीवरचे गुलाबी पक्षी, मधे दोन दिवस आराम, मग गिरगावची चौपाटी. काकी डब्यात घावणे आणि बाटलीत कोकम सरबत घ्यायच्या. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारपणी सुचलं, पण सुचलं हे काय कमी.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर वडाळ्याला गेले. मिठागरांच्या बाजूला नानांच्या खात्यातल्या जुन्या जोडीदाराचं घर होतं. चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना रस्त्यावर येताच नाना दोन पावलं मागे राहिले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सुमन, आता तू व्हर माका घराक." म्हणजे आता तू मला घरी ने. काकी पुढे झाल्या. बस कुठली घ्यायची, कुठे उतरायचं, रस्ता कुठे ओलांडायचा, सगळं त्यांनी ठरवलं. नाना मागून चालत होते. त्या दिवशी मात्र त्यांची नजर झाकणांवर नव्हती, काकींच्या पाठीवर होती. तेव्हा मला या सहली कळल्या.

काकींना त्या माझ्याआधीच कळल्या होत्या. रात्रीच्या भाजीसाठी गवार मोडताना त्या मला म्हणाल्या, "परीक्षा घेतायत माझी. घेऊ देत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला रोज विचारतोय, उद्या कुठे जाऊ या." थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. "पण बाय, पेपर सोपे आहेत तोवर ठीक आहे."

अवघड पेपर माटुंग्याला आला. तिथल्या पाच बागा एकीला लागून एक, गोल रस्ते, सगळीकडे सारखीच झाडं. बाकावर बसून घावणे खाल्ले आणि उठल्यावर नाना नेहमीसारखे मागे राहिले. काकी एका वाटेने गेल्या, परत आल्या, दुसऱ्या वाटेकडे वळल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. हे मला नंतर नानांनीच सांगितलं. काकी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त वळून पाहिलं. नाना पुढे गेले आणि त्यांनी भर रस्त्यात बायकोचा हात धरला. मग घरी आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "डॉक्टर कुठला, ते सांग."

पुढचे बारा दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. रक्त तपासायला दिलं, डोक्याचा फोटो काढला. नाना काकींना चहासुद्धा करू देत नव्हते. काकी वैतागून म्हणायच्या, "अहो, मी अजून आहे." रिपोर्ट घ्यायला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळे कागद दोनदा चाळले आणि सांगितलं, की मेंदूच्या फोटोत काळजीसारखं काही नाही. थायरॉइड फार कमी झालंय, बी-ट्वेल्व्ह तर जवळजवळ नाहीच, आणि या दोन्हींनी माणूस असा गोंधळतो. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू करायची. काही महिने लागतील, पण बरंचसं भरून येईल.

नानांनी विचारलं, "म्हणजे गळती सापडली?"

बाईंना काही कळलं नाही, पण त्या हो म्हणाल्या. मग नानांनी, हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून द्या, अशी विनंती केली. बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या अंगणातल्या नळाशी गेले आणि ओंजळीमागून ओंजळी तोंडावर मारत राहिले. सदरा पुढून सगळा भिजला. काकी पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. "पुरे आता, पाणी वाया घालवताय," असं त्या म्हणाल्या आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला लागल्या. रस्त्यावर नवऱ्याचं नाव घ्यायलाही लाजणारी ती बाई, चार माणसांत, सावकाश.

मला वाटलं, आता सहली संपल्या. नानांनाही तसंच वाटलं असावं, कारण पुढचे तीन दिवस ते पुन्हा गॅलरीत उभे राहायला लागले. चौथ्या दिवशी काकी चप्पल घालून दारात आल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा संपली, सुट्टी नाही संपली." त्या दिवशी नानांनी त्यांना मलबार हिलच्या बागेत नेलं. लोक हत्तीच्या आकाराची झुडपं बघत होते आणि नाना बायकोला सांगत होते, की या हिरवळीखाली केवढा मोठा हौद आहे, इथून पाणी कुठे कुठे जातं. काकींनी गवतावर हात ठेवला. गार लागतंय म्हणाल्या. इतकी वर्षं तुम्ही जाता म्हणजे नक्की कुठे जाता, ते आज कळलं, असंही म्हणाल्या. मे महिना संपेपर्यंत त्यांनी नानांच्या पस्तीस वर्षांतल्या सगळ्या जागा पाहून घेतल्या. इंजेक्शनं चालू होती. जूनमध्ये त्या दादरला एकट्या जाऊन फुलं घेऊन आल्या. नाना खिडकीत बसून होते, पण स्टॉपपर्यंत गेले नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो मोठाच संयम होता.

पुढे चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आणि आमची पांगापांग झाली. नाना-काकी मालवणजवळ आपल्या गावी गेले. विहीर आहे, वेळेचा प्रश्न नाही, असं नाना म्हणाले. मी ठाण्याला आले. इथे चोवीस तास पाणी आहे, तरी शेजारच्या घरात कोण राहतं ते मला अजून नीट माहीत नाही.

परवा काकींचा फोन आला. आंब्याचं विचारलं, माझ्या आईचं विचारलं, मग एकदम थांबल्या. मला पुलाखालचा तो तास आठवला. पलीकडून काकी म्हणाल्या, "अगो बाय, फोन कशाला केला होता तेच विसरले बघ."

आणि त्या हसायला लागल्या. त्यांच्या मागून नानाही हसत होते, मोठ्याने, अगदी निर्धास्त.