आपांचे आयोडीनचे थेंब

मी कसबा पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी माझा आवाज बसला तो बसलाच. कविता म्हणून दाखवताना वरची पट्टी लागेना, दुपारनंतर खुर्चीतून उठवेना, केस विंचरले की गुंतवळ हातात यायचं. रक्त तपासलं आणि थायरॉईड निघाला. ग्रंथी मंदावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुतेक जन्मभर. मी ते फार खळखळ न करता मान्य केलं. वर्ग घ्यायचा तर आवाज हवा होता.

मान्य केलं नाही ते आपांनी. आपा म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं आणि त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. तिथे त्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देतात. आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही दोघांनी किती विनवलं, पण त्या आल्या नाहीत. "माझी गिऱ्हाईकं काय बसने साड्या घेऊन येणार आहेत?" म्हणाल्या. रविवारी मात्र येतात. घरात आमची हिंदी-मराठी एकमेकींत मिसळलेली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांची दुल्हनच.

अशाच एका रविवारी त्यांनी पिशवीतून काळपट काचेची छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"आयोडीनचे थेंब आहेत. पाण्यातून घ्यायचे. तुझी गोळी सुटेल."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या एका गिऱ्हाईकाने. ती विकते. मोबाइलवर व्हिडिओ पण दाखवला. थायरॉईडला आयोडीनच लागतं, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत."

त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं, म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. पण घेतलंही नाही. पुढच्या तपासणीला जाताना बाटली डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्या व्हिडिओचंही सांगितलं. स्वारगेटजवळ दवाखाना असलेल्या या बाई थायरॉईडचंच काम करतात आणि बोलायला अगदी तुटक आहेत. त्यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली.

"घरात मीठ कुठलं?"

"नेहमीचं. आयोडीनवालं."

"मग पुरेसं जातंय. तुमच्या शरीराचं तुमच्याच ग्रंथीशी भांडण लागलंय. आयोडीन कमी पडल्यामुळे झालेलं हे दुखणं नाही. वरून जास्त घातलंत तर ग्रंथी आणखी मंदावू शकते." बाटली माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "तरी घ्यायचेच असतील तर घ्या. मग गोळीचा डोसही त्या व्हिडिओलाच विचारा."

मी घरी येऊन आपांना जमेल तितक्या मऊ शब्दांत हे सांगितलं. त्यांनी बाटली उचलून पिशवीत टाकली. जाताना दारात म्हणाल्या, "तुला नको तर मी घेते. वाया कशाला घालवायची?"

मला तेव्हाच अडवायला सुचायला हवं होतं, कारण आपांच्या गळ्यावर एक गाठ होती. कित्येक वर्षांची, सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून कुणी तिची दखल घेत नव्हतं. ओढणी घेतली की दिसतही नसे. पण मला वाटलं, रागाने बोलल्या आहेत, घेणार नाहीत.

त्यांनी घेतले. आणि दोन-तीन महिन्यांत त्या बारीक होऊ लागल्या. गल्लीतल्या बायका कौतुकाने विचारायच्या, काय करता हो. आपा खुशीत थेंबांचं सांगायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "शिकलेल्यांना पटत नाही." पहाटेपासून मशीन चालू, बोलणं भरभर, जेवण पूर्वीच्या दुप्पट. डिसेंबरात आम्ही स्वेटर घालून बसलो होतो आणि आपा म्हणाल्या, पंखा लावा. त्याच दिवशी त्या माझ्या कुर्त्याचं बटण लावायला बसल्या आणि सुईत दोरा जाईना. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं बारीक थरथरत होती.

त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आपांना दवाखान्यात न्यायला हवं."

"त्या ऐकणार नाहीत."

"तुम्ही सांगा."

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "आजवर मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्याच मला सांगत आल्यात."

ते खरंच होतं. तेव्हा मी ठरवलं की हे काम माझं. आपा चिडल्या, बोलणं टाकलं, रविवारी येणं बंद केलं, तरी चालेल. पण त्यांना डॉक्टरांसमोर बसवल्याशिवाय मी थांबणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी चहाही दिला नाही. "मास्तरीण शाळेत. इथे मी मोठी आहे," एवढंच म्हणाल्या. मी कोपऱ्यात बसून वह्या तपासल्या आणि निघताना म्हटलं, "उद्या येते."

आठवडाभर असंच चाललं. मग एकदा गेले तर मशीन बंद होती. आपा मांडीवर एक पैठणी घेऊन बसल्या होत्या. पदराजवळ सुई भलतीकडे गेली होती आणि रेशमाचा धागा ओढला गेला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाची साडी खराब झालेली मी पाहिली नव्हती.

"डोळे गेले माझे," त्या म्हणाल्या.

"डोळे नाही, आपा. हात कापतोय तुमचा."

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी माझ्या बोटांखाली पळत होती, जिना चढून आल्यासारखी, आणि त्या तर बसलेल्या होत्या. मी त्यांचा दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला. "माझी बघा, आता तुमची बघा." त्यांनी आधी माझी पाहिली, मग स्वतःची. बराच वेळ पाहिली.

"रात्री छातीत धडधडतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, वयामुळे."

"उद्या येता?"

"येते. पण थेंब सोडणार नाही."

"नका सोडू. बाटली सोबत घ्या, तीच दाखवू."

डॉक्टरांनी गळा चाचपला, हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. बाटली पाहून माझ्याकडे एकदा बघितलं, पण आपांना टोचून एक शब्द बोलल्या नाहीत. रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. अशा जुन्या गाठीतला काही भाग कधीकधी स्वतःच्या मर्जीने काम करतो. त्याला एकदम भरपूर आयोडीन मिळालं की तो हार्मोन बनवतच सुटतो. माझी ग्रंथी मंद होती, आपांची उधळली होती. बारीक होणं हे त्या उधळण्याचंच लक्षण होतं.

"म्हणजे आयोडीन वाईट?" आपांनी विचारलं.

"नाही हो. मिठातलं हवंच, सगळ्यांना हवं. तुमच्याकडे मीठ कुठलं?"

आपा जरा घुटमळल्या. "सैंधव. बऱ्याच वर्षांपासून. ते पण कुणीतरी सांगितलं होतं."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "गाठ त्यामुळेच आली असं मी म्हणणार नाही. पण आधी अजिबात नाही आणि मग एकदम बाटलीभर, असं शरीराला चालत नाही. यापुढे कुणी काही सांगितलं तर आधी मला सांगा."

थेंब बंद झाले. धडधडीसाठी एक गोळी आणि ग्रंथीला आवरायला दुसरी सुरू झाली. गाठीत सुई घालून तपासणी झाली. तिचा रिपोर्ट येईपर्यंत नवरा घरात कुणाशी धड बोलला नाही. गाठ साधी निघाली. तेव्हा तो आपांच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आता मी सांगतो ते ऐकायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत." आपांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं आणि मान हलवली.

बरं व्हायला वेळ लागला. मध्ये रमजान आला. डॉक्टरांनी इतक्यात रोजे धरू नका म्हटलं, त्यावर आपा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी इफ्तारीला गेले तेव्हा सगळ्यांसाठी भजी त्या स्वतः तळत होत्या. हळूहळू हात स्थिर झाला, वजन परत आलं. गल्लीतली एक बाई म्हणाली, "पुन्हा भरलात की हो." आपा म्हणाल्या, "बरी झाले म्हणून."

थेंब विकणारी ती बाई ब्लाउजची लेस लावून घ्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. ती नव्या बाटलीचं बोलू लागली. आपांनी मशीन थांबवली. "लेस लावून देईन, नेहमीसारखी चांगली देईन. पण थेंब माझ्या खोलीत आणायचे नाहीत. आणि ज्यांना दिलेत त्यांना गळा तपासून घ्यायला सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन." बाईने लेस ठेवली आणि ती निघून गेली. तिने कुणाला सांगितलं का, माहीत नाही. आपांनी मात्र त्या संध्याकाळीच थेंब घेणाऱ्या दोन घरांत जाऊन सांगितलं.

गाठ अजून आहे. दर वर्षी सोनोग्राफी करायची असते. यंदा मी शाळेतून रजा काढली आणि आपांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "कालच जाऊन आले मी. एकटी. डॉक्टरीणबाई तुझी विचारपूस करत होत्या. तुझी तपासणी कधीची राहिली आहे म्हणे."

मी दुसऱ्या दिवशी गेले.