जेवलेला भाडेकरू

वेरूळचं कैलास लेणं मी पाहिलं ते तिथे बदली होऊन सहा महिने झाल्यावर. तोवर मी माझी घरमालकीण पाहिली होती, त्यामुळे लेणं पाहून माणसाने जितकं थक्क व्हायचं असतं तितकं मला काही होता आलं नाही. डोंगर कोरणारे थोर खरेच, पण ते पुष्कळजण होते आणि ही बाई एकटी होती.

मी आरोग्य उपकेंद्राची नर्स. वेरूळला रुजू झाले आणि दोन दिवस खोली शोधत फिरले. घृष्णेश्वराच्या रस्त्याला ज्याच्या घराला चार भिंती होत्या त्याने त्यावर लॉजची पाटी लावली होती. गुरांचा गोठा होता तिथे एसी रूम झाली होती. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याकडे लोक असे बघत, जणू मी रांग मोडून आत घुसले आहे. जी दोनचार दारं उघडली, त्यांच्या आत पहिला प्रश्न एकच होता, "आडनाव काय?" आडनाव ऐकलं की खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. हे मला नवीन नव्हतं. माझ्या पेटीत निळ्या कोटातली तसबीर असते आणि ती लावायला भिंत शोधताना आमच्या घरात सगळेच असे पाय झिजवत आलेत.

या बाईच्या दारात मी उभी राहिले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "भाकर किती खाती?"

मी म्हटलं, "दीड."

"नर्स हायेस अन दीड? बस."

तिने पिठलं वाढलं, मी जेवले, आणि ताट उचलायच्या आत किल्ली माझ्या हातात होती. तिचा कायदा असा होता की जो तिच्या चुलीवरचं पहिलं जेवण जेवला तो तिचा भाडेकरू झाला, आणि जेवलेल्या माणसाला ती मरेपर्यंत उठवणार नाही. तसबीर लावायला मी खिळा शोधू लागले, तर स्वतः दगड घेऊन आली. म्हणाली, "वर ठोक. तिथं भिंत पक्की हाय." आडनाव तिने कधीच विचारलं नाही. तिला भाडेकरूंची नावंही लागत नसत, ती भाकरीच्या आकड्याने हाक मारी. शेजारच्या खोलीतले झेडपीचे गुरुजी म्हणजे साडेतीन, लेण्यांवरचा पहारेकरी पाच, आणि अख्ख्या गावाला इंजेक्शन टोचणारी मी, "ओ दीड".

पर्यटकांशी तिचं भांडण नव्हतं, पण त्यांच्या रीतीभाती तिला पटत नसत. एकदा ती अंगणात सांडगे घालत बसली असताना एक पाहुणा न विचारता फाटकातून आत आला आणि फोटो काढू लागला. मावशी, आम्ही सगळे तिला मावशीच म्हणायचो, हात पुसत उठली. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली, बूट पाहिले, पाठीवरची पिशवी चाचपली, टोपी उचलून टक्कल पाहिलं आणि परत येऊन बसली. तो बिचारा हात जोडून निघून गेला. "त्यो मला बघत व्हता, म्या त्याला बघितलं," ती मला म्हणाली. "तिकीट दोघानं बी नाय काढलं." स्वतः ती मात्र आयुष्यात एकदाही लेण्यांत गेली नव्हती. मी आग्रह केला तर म्हणाली, "येवढा डोंगर कोरून घर केलं, अन राहायला कुणी नाय. काय बघायचं त्यात?"

तिचा मुलगा संभाजीनगरला कंपनीत होता. मुलगा गुणी, पण त्याच्या डोक्यात लॉज शिरलं होतं. शेजाऱ्यांचे मजले चढताना त्याला दिसत होते आणि आपल्या आईचे पत्रे तसेच. एका रविवारी दुपारी तो पांढरे बूट घातलेल्या एका हॉटेलवाल्या साहेबांना घेऊन आला. आईचा कायदा त्याने त्यांना आधीच सांगून ठेवला असणार, कारण साहेब आले ते थेट चुलीपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशी, भूक लागलीय."

मावशीने वाढलं. साहेबांनी साडेचार भाकरी खाल्ल्या, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ल्या. आम्ही तिघे भाडेकरू आपापल्या दारात उभे होतो. हात धुऊन साहेब म्हणाले, "मावशी, मी जेवलो. आता जागा माझी ना?"

मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली, खरं सांगते. पुन्हा दारोदार फिरायचं, पुन्हा आडनाव. मावशीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठली, स्वतःच्या खोलीत गेली आणि आपली ट्रंक ओढत ओसरीवर आणली. मागोमाग देव आणले, गोधडी आणली. मग साहेबांपुढे किल्ली धरली.

"घ्या. चौथी खोली. मंगळवारी आंगण झाडायची पाळी तुमची."

साहेब हसले. "मावशी, मला सगळं घर पाहिजे होतं."

"जेवले यकटेच की. यका माणसाला यकच खोली."

ती हसत नव्हती. साहेबांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि गाडीत बसून निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण मावशी खोलीत परत जाईना. भाडेकरू जेवून गेलाय, खोली त्याची आहे, येईल कव्हा तरी, असं तिचं म्हणणं. दिवाळी गेली, थंडी पडली, खोली कुलूप लावून बंद आणि मालकीण ओसरीवर गोधडीत. मी माझी खोली देऊ केली. म्हणाली, "तुझी हाय ती. मला देणारी तू कोण?" दर मंगळवारी साडेचारच्या, म्हणजे साहेबांच्या, पाळीचं अंगण ती स्वतः झाडत होती.

मुलगा दर रविवारी यायचा आणि आईचं अंथरूण बघून मान खाली घालायचा. शेवटी माघात त्यानेच साहेबांचे पाय धरले आणि त्यांना खोली रीतसर सोडायला घेऊन आला. साहेबांनी ओसरीवरची ट्रंक पाहिली, गोधडी पाहिली. मंगळवार होता. त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि ते पांढरे बूट घालून अंगण झाडलं. मग म्हणाले, "मावशी, खोली सोडली."

"बरं. जेवून जाता?"

"नको नको," साहेब दोन पावलं मागे सरकले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "पाण्याने काही होत नाही ना?" लॉजचं नाव त्या मुलाने पुन्हा काढलं नाही. ट्रंक त्यानेच आत नेली.

पुढे माझी सिल्लोडला बदली झाली. निघताना मला वाटलं होतं, बसवून जेवू घालेल. तिने चूल पेटवली, पण ताट काही मांडलं नाही. फडक्यात भाकरी बांधून माझ्या पिशवीत ठेवली. "हितं खाऊ नको," म्हणाली. "हितं खाल्लीस तर माझ्यानं जाऊ देववणार नाय. अन तुझ्या खोलीला नवी नर्स येणारे."

सिल्लोडला पहिल्याच घरमालकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि ते विचारात पडले. मी पायरीवर बसले, फडकं सोडलं आणि त्यांच्या दारातच जेवले. दीड भाकरी होती. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी मोजून सांगितली.