जावयाच्या गाडीचा ऑफसेट

गोंदियात बालाघाटच्या रस्त्याला धनीराम पटलेंचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. चाक हाताने एकदा गरकन फिरवलं की त्याचं बेअरिंग अजून किती महिने टिकेल, हे ते कान देऊन सांगतात, आणि ते सहसा चुकत नाही. स्वभावाने मात्र मऊ. गिऱ्हाइकाशी वाद झालाच तर धनीराम हात पुसत आत जातात आणि थोड्या वेळाने परत येतात, तोवर गिऱ्हाईक आपल्याच म्हणण्यावर पक्कं झालेलं असतं.

त्यांची एकुलती एक मुलगी गुंजन दवनीवाड्याला दिली आहे. जावई भुपेंद्र, घरची धानाची शेती, बोलायला तरतरीत, आणि गाडीचा भारी शौक. मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तो आपली पांढरी गाडी घेऊन दुकानात आला. मागच्या सीटवर चार अलॉय चाकं, रायपूरहून कुणाकडून तरी घेतलेली, काळी चकचकीत.

"मामाजी, लावून द्या. आज तुमच्याच हातानं लावाची हायेत."

धनीरामांनी एक चाक उचललं, उलटं केलं आणि मागच्या बाजूचा आकडा पाहिला. मग पट्टी काढून मापही घेतलं, कारण आकड्यावर त्यांचा भरवसा कमी.

"जवाईबापू, हे चाक तुमच्या गाडीचं नाही."

"नट तर बरोबर बसून राहिले ना?"

"नट बसते. चाक नाही बसत." धनीराम खाली उकिडवे बसले आणि खडूने फरशीवर चाक काढून दाखवू लागले. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ. मग चाक जिथं हबला, म्हणजे आसाच्या टोकावरच्या तबकडीला टेकतं, ती दुसरी रेघ. "ह्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. तुमच्या गाडीले पंचेचाळीस मिलिमीटर पायजे. हे चाक वीसचं हाये. आकडा जितका कमी, चाक तितकं बाहेर. त्यात ते एक इंच जास्त चौडं. म्हणजे बाहेरची कड जवळजवळ दीड इंच बाहेर येते. बेअरिंगवर भार वाढते. गाडी भरली की मागचा टायर पत्र्याले घासते."

"बाहेर आलं तरच तर गाडी भारी दिसते, मामाजी. सगळे पोट्टे हेच लावून राहिले."

"एवढ्याच चौडाईचं चाळीसच्या आसपासचं पाहून देतो न मी. थोडं बाहेर दिसन, घासनार नाही."

"आता घेऊन आलो न जी. परत थोडीच देता येते?" भुपेंद्र हसला. त्या हसण्यात राग नव्हता, पण 'नाही' ऐकायची तयारीही नव्हती.

दुसरं कुणी असतं तर धनीरामांनी चाकं गाडीत परत ठेवली असती. पण समोर जावई. त्याला उणं बोललं तर ते दवनीवाड्याला पोचणार, आणि तिथे मुलगी नांदते. तेवढ्यात दुकानामागच्या घरातून धुरपताबाई चहा घेऊन आल्या. खडूची रेघ आणि नवऱ्याचा चेहरा पाहून त्या हळूच म्हणाल्या, "जवायाले नाही म्हणून राहिले का? एवढ्या हौसेनं आले ते."

धनीरामांनी चाकं लावली. नट मापाने आवळले, पुन्हा पुन्हा तपासले. जे चुकीचं होतं ते नटांत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हात तिथेच फिरत राहिले.

दिवाळीला दोघं आली तेव्हा गाडी अंगणात वळताना मागून खर्र असा आवाज आला. धनीराम चहा सोडून बाहेर गेले. मागच्या पत्र्याच्या कडेने टायरवर चरा पडला होता. जावयाला दाखवलं, तर तो म्हणाला, "होते ठीक. ती कड ठोकून आत वळवून घेतो." आठ दिवसांत त्याने ती कुठल्याशा गॅरेजात हातोड्याने वळवून घेतलीही. आवाज कमी झाला. धनीरामांनी फोनवर सांगितलं, "बापू, गाडीत जास्त माणसं नका बसवू." पलीकडून "हो जी" आलं आणि फोन ठेवला गेला.

डिसेंबरात धान घरी आल्यावर भुपेंद्र, गुंजन, भुपेंद्रची बहीण आणि तिच्या घरची दोघं इटियाडोहचं धरण पाहायला निघाली. पाच माणसं, डिकीत जेवणाचे डबे आणि पाण्याची कॅन. अर्जुनीच्या पुढे एका खड्ड्यात मागची बाजू दबली, हातोड्याने वळवलेल्या पत्र्याचं टोक टायरच्या कडेच्या रबरात घुसलं आणि टायर फुटला. गाडी रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावर आदळली. बाकीच्यांना खरचटलं. गुंजन त्या बाजूच्या दारापाशी बसली होती. तिचं मनगट दोन जागी मोडलं.

धनीराम दवाखान्यात पोचले तेव्हा भुपेंद्र बाकावर डोकं धरून बसला होता. सासऱ्याला पाहून उठला. "रोडच खराब होता, मामाजी."

धनीरामांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण पोराचा शर्ट खांद्यापाशी फाटला होता, त्याला माती लागलेली. ते म्हणाले, "हो बापू. बसा तुम्ही."

प्लास्टर घातलेल्या हाताने गुंजन माहेरी आली. चार दिवस गेले. धनीराम दुपारी जेवायला आले, तेव्हा ती डाव्या हाताने भात कालवत होती. न राहवून ते बोलून गेले, "मी सांगतलं होतं त्याईले. पयल्याच दिवशी. चाक बाहेर निघून राहिलं म्हणून."

गुंजनचा हात थांबला. "मले काऊन नाही सांगतलं, बाबूजी?"

"तुले कायले सांगाचं? तुह्या नवऱ्याची गाडी. तुम्हा दोघांत लावालावी होईन म्हटलं."

"बसत तर मी होतो न त्या गाडीत."

एवढंच बोलून ती पुन्हा भात कालवू लागली. धुरपताबाई ताटात वरण वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच पळी धरून राहिल्या. धनीराम पानावरून उठले नाहीत, पण त्यांना जेवणही गेलं नाही.

महिन्याभराने भुपेंद्र गाडी घेऊन दुकानात आला. कंपनीची जुनी लोखंडी चाकं मागे टाकून आणली होती. "बसवून द्या," एवढंच म्हणाला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. धनीरामांनी चाकं बदलली, मागचं बेअरिंग घरघरत होतं तेही बदललं. चूक कुणी कबूल केली नाही आणि कुणी विचारलीही नाही. काढलेली काळी चाकं भुपेंद्र घेऊन गेला; पुढे त्यांचं काय झालं, ते धनीरामांना कळलं नाही.

गुंजनचं प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. सुपाने तांदूळ पाखडताना ते मधेच अडतं. डॉक्टर म्हणाले, सावकाश होईल, कदाचित थोडं राहीलही. ती दवनीवाड्याला परत गेली त्या दिवशी धनीरामांनी तिची पिशवी गाडीत ठेवली, दार लावलं आणि खिडकीवर हात ठेवून तिला काहीतरी सांगायला वाकले. भुपेंद्रने गाडी सुरू केली. त्यांनी हात काढून घेतला.