मुखड्यानंतरची ती शांतता
चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला बडनेऱ्याचं ते पितळी किटल्यांचं चहाचं दुकान आठवतं आणि अजूनही डोकं सणकतं. वरातीत नव्या धाटणीच्या चाली वाजवणारा आमचा बँड मोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी त्यात ढोल वाजवायचो, पण ढोलवाल्याचा चेहरा कोणाच्या लक्षात राहतो? शेजारच्या बाकावर अमरावतीचे एक वकील आणि अकोल्याचे एक मास्तर आमच्याच बँडवरून भांडत होते. मुखडा संपला की आमचा ट्रंपेटवाला क्षणभर थांबायचा, तो कशासाठी? वकील म्हणाले, तो नवरीच्या बापाचा हुंदका. मास्तर ओरडले, "तुमाले काय समजते? साधना होती ते, साधना!" दोघं एकमेकांची गचांडी धरायला उठले, तेव्हा मला राहवलं नाही. "कावून भांडून राहिले? त्याच्या ट्रंपेटात थुंकी साचे. ते झटकेपर्यंत आमी सारे थांबो," मी म्हणालो. झालं, दोघंही माझ्यावर उलटले. "देवमाणसाले नावं ठेवतं का बे?" म्हणत वकिलांनी उरलेला चहा माझ्या सदऱ्यावर फेकला आणि मास्तरांनी मला दुकानाबाहेर ढकललं, तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. परवा नातीच्या वरातीत कुठल्याशा नव्या बँडने आमचीच चाल धरली. मुखडा संपला, सगळे थांबले, ट्रंपेटवाल्या पोराने भक्तिभावाने डोळे मिटले. मी त्याच्या पायांकडे बघत उभा राहिलो. एक थेंब पडला नाही.