शंभर टक्के तपासणी

चिंचवड स्टेशनजवळ चांदभाईंचे दुचाकीदुरुस्तीचे गॅरेज आहे. इंजिन उघडलेली जुनी गाडी ते गिऱ्हाइकाला तसे सांगूनच विकतात. ही सचोटी त्यांना एकदा स्वतःच्याच घरात अडचणीची ठरली.

त्यांच्या मुलीला, आलियाला, पंधराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. उपचार अडीच वर्षे चालले. त्या काळाविषयी आलिया बोलते तेव्हा वेदनेच्या वाट्याला एखादेच वाक्य येते; सविस्तर सांगते ती केसांची हकिकत. केस गळाले तेव्हा आईने, खैरुन्निसा यांनी, शेजारणींना उवांचे कारण दिले. परिणामी मजल्यावरच्या साऱ्या मुलींची डोकी आठवडाभर फणीखाली होती. पुढे नवे केस आले ते कुरळे. चांदभाईंचा अभिप्राय असा की, कंपनीने मॉडेल बदलले.

दहावी दोन वर्षे उशिरा झाली, मग पदविका. गेल्या जूनमध्ये चाकणच्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागाने तिला मुलाखतीस बोलावले. अर्जात प्रश्न होता: पूर्वी गंभीर आजार झाला होता का? याआधी दोन ठिकाणी तिने खरे उत्तर लिहिले होते आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नव्हता.

"नाही लिही," खैरुन्निसा म्हणाल्या. "आता आहे का काही?"

चांदभाईंनी मान डोलावली. "अम्मी बरोबर बोलतेय."

"अब्बा, तुम्ही इंजिन उघडलेली गाडी सांगून विकता ना?"

"गाडी खपली नाही तर शेडमध्ये गप उभी राहते. तू घरी बसलीस तर दिवसभर माझ्याच कामातल्या चुका काढशील."

तिने 'होय' लिहिले.

विभागप्रमुख उद्धवराव त्या उत्तराशी थांबले. "शिफ्टचं काम झेपेल?"

"सर, नव्या मालातले किती नग तपासता?"

"शंभरातले पाच."

"आणि दुरुस्त होऊन आलेले?"

"एकूण एक."

"मी दुरुस्त होऊन आलेला नग आहे. दर तीन महिन्यांनी तपासला जातो. बाहेर बसलेल्यांना विचारा, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली."

उद्धवराव हसले नाहीत. "कागद दाखवा." तिने दिलेला अहवाल त्यांनी तारखेपासून वाचला. "फेब्रुवारीचा आहे. दर तीन महिन्यांनी म्हणालात. आता जून संपत आला."

"परीक्षा होती, सर."

"मुदत संपलेल्या कागदावर मी नग सोडत नाही. नवा आणा, जागा आठ दिवस ठेवतो."

परीक्षेचे कारण खरे होते, पण पुरे नव्हते. उपचार संपून तीन वर्षे झाली तरी प्रत्येक तपासणीच्या आधी तिची झोप उडत असे, आणि या वेळी पुढे ढकलण्यास सबब मिळाली होती. दुसऱ्याच दिवशी तिने रक्त दिले. अहवाल येईपर्यंत चांदभाईंनी एकाच मोटारसायकलचे कार्ब्युरेटर तीनदा खोलले. तिसऱ्यांदा आलियाने ते हातातून काढून घेतले.

अहवाल स्वच्छ आला. आज दुरुस्त नगांच्या टेबलावर तीच बसते आणि माल सोडण्याची घाई करणाऱ्यांत तिचे नाव फारसे प्रेमाने घेतले जात नाही. दर तीन महिन्यांनी ती तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागते. तारीख एक दिवसही पुढे जात नाही, कारण उद्धवरावांनी ती स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

परवा ती दुपारी परतली.

"पास?" त्यांनी विचारले.

"पास, सर."

"मग बसा. टेबलावर चाळीस नग पडलेत."