ग्लेंडाचे तीन तारे

ग्लेंडा हार्डकासलच्या तोंडून "छान" हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही. तिचा पहिला नातू बघायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. सुनेने मोठ्या कौतुकाने दुपटं बाजूला करून पोर दाखवलं. ग्लेंडाने चष्मा सावरला, पोराला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं आणि म्हणाली, "वाईट नाही." सून बिचारी हुंदके देऊन रडायला लागली. ती खालची, दक्षिण इंग्लंडातली. मुलाचे डोळे मात्र आनंदाने भरून आले, कारण तो इथला. आमच्या यॉर्कशरमध्ये "वाईट नाही" याच्या वर शब्दच नाही, आणि हे त्या पोरीला लग्नाआधी कोणी सांगितलंच नव्हतं.

"आमच्या" म्हणते मी. जन्माने मी मिरजेची सुमती, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की सगळे मला सू म्हणतात आणि मीही ओ देते. वेकफिल्डजवळच्या या गावात छताखाली भरणारा बाजार आहे, त्यात माझा कपडे दुरुस्तीचा गाळा. पँटा आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं. शेजारी माल्कमचं मासळीचं दुकान आणि समोर डीनचा व्हेपचा, म्हणजे वाफेच्या सिगरेटींचा गाळा. माझ्या गाळ्यात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आहे, त्याच्यावर रोज सकाळी ग्लेंडा बसते. गिऱ्हाईक उभं राहतं.

या ग्लेंडाबद्दल मला सांगायचंय, कारण मला तिचा अभिमान आहे. हे तिच्यासमोर बोलले तर मलाच झापेल.

ती आणि तिचा नवरा रॉय, दोघंही कोवळ्या वयापासून सिगरेट ओढायचे. ती सूतगिरणीत, तो खाणीत. म्हातारपणी रॉयची छाती भात्यासारखी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, सिगरेट बंद करा, नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं आम्ही काही सांगू शकत नाही. ग्लेंडाने त्याच दिवशी डबी कचऱ्यात टाकली. खमकी बाई! रॉयला ते जमेना. मग डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, सिगरेटऐवजी व्हेप घेऊन बघा, ती आधी सुटू दे.

पण त्यात भरायचं चवीचं लिक्विड चुकलं की माणूस परत सिगरेटीवर, हे ग्लेंडाला पहिल्या पंधरवड्यातच कळलं. पेन्शनीत बसेल असं स्वस्तातलं काहीतरी आणलं, तर ते गोड चिकट निघालं. रॉयने चार झुरके मारले, तोंड वाकडं केलं आणि परसात लीकची भाजी बघायला म्हणून गेला. लीकच्या वाफ्यातून धूर येताना ग्लेंडाने खिडकीतून पाहिला. त्या दिवशी तिने हातात फोन घेतला, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचायला बसली ती बसलीच. महागातलं परवडत नव्हतं आणि स्वस्तातलं फसवत होतं. फसायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता.

काही महिन्यांत ती इतकी तयार झाली की बाजारातला कोणीही बाटली घेण्याआधी माझ्या स्टुलापाशी यायला लागला. एकदा माल्कम आला, हात एप्रनला पुसत.

"हे बघ ग्लेंडा, एकदम स्वस्त. आणि सगळे पाच तारे!"

"पाचवाल्याने अजून बाटली उघडलेलीसुद्धा नसते रे. पार्सल वेळेवर आलं म्हणून हरखलेला असतो."

"मग हा एक तारावाला?"

"त्याची पोस्टात फुटली. तो पोस्टमनवर चिडलाय. तीनवाले वाच, तीनवाले. त्यांनी ओढलेलं असतं." तिने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "हा बघ. 'चव ठीक, पण आठवड्यात कॉइल जळली.' कळलं का? गोडी ओतलीय नुसती. आतल्या तारेवर ती करपते, आणि मग दर आठवड्याला नवी कॉइल आण. ही कसली डोंबलाची स्वस्ताई?"

"मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?"

"या बाईवर. 'नेहमीचं मिळालं नाही म्हणून घेतलं, आता हेच घेते.' नाइलाजाने घेऊन जी टिकली, ती खोटं कशाला बोलेल? आणि सर मागे, मेल्या, तुझ्या हाताला माशाचा वास येतोय."

मी एकदा गमतीने म्हटलं, "मी पण ओढून बघू का गं?" तर माझ्यावर खेकसली. "तुझ्या छातीला काय धाड भरलीय? ज्याची सिगरेट सुटत नाही त्याच्यासाठी आहे हे. तू आपला चहा पी, लव्ह." इथे लव्ह सगळ्यांनाच म्हणतात, शिव्या देतानासुद्धा.

तर इतकं वाचून वाचून शेवटी ज्याच्यावर तिचं बोट थांबलं, तो निघाला समोरच्या गाळ्यातला डीन. हा डीन आधी रंगाच्या कारखान्यात रंग मिसळायचा. कारखाना बंद पडल्यावर रीतसर परवाना काढून लिक्विडं मिसळायला लागला. त्याचं खास लिक्विड म्हणजे रुबार्ब आणि कस्टर्ड. रुबार्बचे ते आंबट गुलाबी देठ आमच्याकडे हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. त्यामुळे रुबार्बच्या बाबतीत इथे कोणाला फसवता येत नाही. रॉयने डीनचं लिक्विड ओढलं, तोंड वाकडं केलं नाही आणि परसात गेला नाही. त्याच्यानंतर कधीच गेला नाही.

डीनचा खरा धंदा चालायचा एका मोठ्या वेबसाइटवर, बाजारात दिवसाला गिऱ्हाइकं ती किती येणार! ग्लेंडाने तिथे एका बोटाने टाइप करून रिव्ह्यू लिहिला. "वाईट नाही. रुबार्ब रुबार्बसारखा लागतो. कॉइल टिकते. झाकण नको इतकं घट्ट आहे, लेबल वाकडं आहे. तीन तारे."

डीनने तो वाचला आणि हरखून गेला. पाटी करून गाळ्यावर लावली: "वाईट नाही! — ग्लेंडा हार्डकासल." येणारे-जाणारे थांबून पाटी वाचायचे आणि मान डोलवायचे. मग गावात ज्याने ज्याने बाटली घेतली, त्याने तीनच तारे दिले. ग्लेंडाच्या वर जाऊन चार देणं म्हणजे शहाणपणा मिरवणं झालं असतं. माल्कमने तर लिहिलं, "यापेक्षा वाईट ओढलंय." डीन म्हणाला, इतकं कौतुक आईनेसुद्धा केलं नव्हतं.

आणि मग एका गुरुवारी सकाळी डीन गाळ्यातल्या बाटल्या खोक्यात भरताना दिसला.

"काय रे, जागा बदलतोयस का?" ग्लेंडाने स्टुलावरूनच विचारलं.

"बंद करतोय. महिनाअखेरपर्यंत. वेबसाइटवाले मला काढून टाकतायत. चार ताऱ्यांच्या खाली असेल त्याला आता ठेवणार नाहीत म्हणे."

"आणि तुझे किती आहेत?"

"तीन."

"मग? तीन म्हणजे उत्तम की!"

"मीही तेच म्हटलं. फोन केला मी त्यांना. एक पोरगी बोलली, लंडनची असावी, एकदम गोड. म्हणाली, सर, तुमचे ग्राहक समाधानी दिसत नाहीत. मी म्हटलं, समाधानी नाहीत? अहो, सगळे 'वाईट नाही' म्हणतायत! तर ती म्हणाली, हो ना सर, तेच."

माल्कमचा सुरा वरच्या वर राहिला. हे ऐकताक्षणी मला कळलं, आणि ग्लेंडालाही कळलं. तिचा चेहरा कोणी तोंडात मारल्यासारखा झाला.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कसं, लव्ह? तू तर स्तुतीच केलीस."

"तू बंद केलंस तर रॉय काय ओढेल?"

डीनने खाली मान घातली आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला.

माल्कम म्हणाला, "सोपं आहे. आपण सगळे जाऊन पाच करू या."

"खबरदार!" ग्लेंडा ताडकन उठली. "पाच म्हणजे याहून चांगलं काही असूच शकत नाही. झाकण घट्ट आहे का नाही? लेबल वाकडं आहे का नाही? आज मी खोटं लिहिलं, तर उद्या तुम्ही माझ्यावर विश्वास कशाला ठेवाल? मी लिहिणार नाही आणि कोणाला लिहायलाही सांगणार नाही." आणि चहा तसाच टाकून निघून गेली.

मला रागच आला तिचा. घरी नवऱ्याचा जीव टांगणीला, आणि ही बया लेबलावर अडून बसलीय! शुक्रवारी आली नाही, शनिवारीही आली नाही. रिकामं स्टूल बघवेना.

रविवारी आम्ही तिघं टेकडीवरच्या क्लबात जेवायला जातो. माझे यजमान गेल्यापासून ही रीत ग्लेंडानेच पाडली, मला विचारलंसुद्धा नव्हतं. क्लबाचा चढ उभा आहे. रॉय तो चढताना तीन ठिकाणी थांबायचा. आधी पोस्टाच्या पेटीपाशी, मग बसच्या थांब्यावर वेळापत्रक वाचायला, आणि मग हिग्सबाईंच्या कुंपणातले गुलाब बघायला. रॉयला गुलाबात कवडीचा रस नाही. धाप लागलेली आम्हाला दिसू नये म्हणून थांबायचा, आणि आम्हीही गुलाब बघितल्यासारखं करायचो.

त्या रविवारी रॉय शनिवारच्या रग्बी सामन्याबद्दल तावातावाने बोलत होता. पंच आंधळा होता, आमच्या गड्याला उगाच बाहेर काढला, वगैरे. बोलता बोलता पोस्टाची पेटी मागे पडली. थांबा मागे पडला. हातवारे करत तो पुढे चालला होता, आणि गुलाबांपाशी आल्यावर ग्लेंडाच थांबली. कुंपणाला धरून उभी राहिली.

"काय गं, दम लागला?" रॉय वरून ओरडला. "म्हातारी झालीस!"

ग्लेंडा त्याच्याकडे नुसती बघत होती. मग मला हळूच म्हणाली, "सू, हा थांबला नाही."

"नाही थांबला," मी म्हटलं.

"मी मूर्ख आहे गं. मी झाकणाला तारे देत बसले होते."

जेवताना तिने मांसाला हात लावला नाही. टेबलाखाली फोन धरून एका बोटाने टकटक चालली होती. मला दाखवलं ते पाठवून झाल्यावरच. जुना रिव्ह्यू पुसून तिने लिहिलं होतं: "झाकण अजून घट्ट आहे. लेबल अजून वाकडं आहे. रॉय हार्डकासल आज टेकडी न थांबता चढला. मला थांबावं लागलं. पाच."

सोमवारी बाजारात हाहाकार! माल्कमने सकाळीच रॉयला फोन लावला, "ग्लेंडाची तब्येत बरी आहे ना?" जो तो फोन काढून तिची ती चार वाक्यं वाचत होता. अंडीवाली पॉलीन डोळे पुसत म्हणाली, कांद्याचा वास येतोय कुठून तरी. कांद्याचा गाळा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

ग्लेंडाने कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. पण त्या दुपारी पॉलीनने लिहिलं, तिचा भाऊ आता चर्चमध्ये खोकत नाही, पाच. माल्कमने लिहिलं, मुलगी आता मिठी मारताना नाक मुरडत नाही, चार, आणि मासळीचा वास गेला असता तर पाच. एकेक जण आपापली खरी गोष्ट लिहायला लागला. सगळ्या गावाने इतके दिवस फक्त चव सांगितली होती. महिना संपायच्या आत डीन चारच्या वर सरकला. थोडासाच, पण सरकला. खोकी पुन्हा उघडली. त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर झाकणं बदलली.

नवं झाकण दाखवायला तो माझ्या गाळ्यापाशी आला. ग्लेंडाने बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"वाईट नाही," ती म्हणाली. डीन लाजून लाल झाला.

रॉय तिथेच उभा होता, नवी बाटली खिशात घालत. त्याच्या मनात हे केव्हापासून घोळत असावं. घसा खाकरून म्हणाला, "काय गं, त्या बाटलीला पाच दिलेस. मला किती देशील?"

सगळे ऐकायला लागले. माल्कमने सुरा खाली ठेवला. ग्लेंडाने चष्मा सावरला आणि नवऱ्याला टोपीपासून बुटापर्यंत सावकाश निरखलं.

"तीन," ती म्हणाली.

रॉयचा चेहरा असा फुलला, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्याने टोपी सरळ केली आणि बाजाराच्या मधल्या बोळातून, वाटेत कुठेही न थांबता, पार दुसऱ्या टोकाच्या कांदेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला. "तीन म्हणाली! ऐकलंत का? तीन!"