पथ्याचा फ्रेंच टोस्ट

भाई गेला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि रडू नंतर आलं. क्रम हाच होता, खोटं कशाला बोलू? दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहाटेची फजरची नमाज आटोपून मी त्याच्या खोलीत डोकावले, तर उशीवर मान कलती टाकून तो निवांत पडला होता. दुखण्याची जी आठी गेले कित्येक दिवस कपाळावर बसली होती, ती पार निघून गेलेली. मी नवऱ्याला हाक मारली आणि तोंडातून निघालं, "अहो सलीम... सुटला हो माझा भाई." मग मात्र जे रडू आलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. भाभीला याच मातीत ठेवलं होतं, भाईचीही तीच इच्छा होती, म्हणून त्यालाही गावी न नेता इथेच पोहोचवून आले सगळे.

संध्याकाळी रत्नागिरीहून मामींचा व्हिडिओ कॉल. रडून झालं, फातिहा पढून झाली आणि मग मामी म्हणाल्या, "बिचाऱ्याला गोडाचा एवढा शौक, आणि तू तर त्याच्या तोंडाला कुलूपच लावलंस गं नसीम. जीव अडकला असेल त्याचा." उचलली जीभ लावली टाळ्याला! एरवी मी ऐकून घेणारी बाई नाही, हे आमच्या खानदानात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी शांत बसले, कारण मामी काही नवीन बोलत नव्हत्या. मी भाईला जगवलं, की त्याच्या जगण्यातली चवच काढून घेतली? हा प्रश्न कित्येक वर्षं मीच मला विचारत आले होते. मामींनी तो जरा आधी विचारला असता तर मी तिथल्या तिथे कोसळले असते. पण जाण्याआधी भाई मला त्याचं उत्तर देऊन गेला होता. फोनवर ते सांगता येईना, म्हणून आता लिहिते आहे.

भाई म्हणजे अन्वर, माझा थोरला भाऊ. रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात त्याची सगळी उमर गेली. मला आणि सलीमला इकडे आणलं तेही त्यानेच. त्याला मूलबाळ नव्हतं. भाभी गेल्यावर तो एकटा खोलीत कसा राहतोय ते बघायला गेले, तर फ्रिजमध्ये खजुराचे डबे, कंडेन्स्ड मिल्कचे टिन आणि आइस्क्रीम... दुसरं काही नाही. डायबेटिस तर होताच. विचारलं तर म्हणतो, "मी साखर कुठे खातो? चहात एक दाणा घालत नाही." खरंच घालत नसे. कॅफेटेरियातला करक, म्हणजे इकडचा कडक चहा, मात्र कंडेन्स्ड मिल्कचा, तोही दिवसातून हवा तेवढा! आणि खजूर? "खजूर सुन्नत आहे नसी, पैगंबरांची रीत. बरकतीच्या चीजेने कधी शुगर वाढते का?" भाईच कशाला, आमच्या इथल्या निम्म्या कोकणी मंडळींचा असाच हिशेब असतो. रोजा सोडताना बिनसाखरेचं सरबत मागायचं आणि त्याबरोबर खजुराची अख्खी ताटली फस्त करायची. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, ते हेच.

मग त्याच्या पायाला जखम झाली, चिघळली, आणि पायाचा अंगठा काढावा लागला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी इतकी भडकले होते की सिक्युरिटीवाला येऊन बघून गेला. "यल्ला, चल, सामान भर," मी भाईला म्हटलं, "आजपासून तू माझ्या घरी. खाशील ते माझ्या हातचं, नाहीतर उपाशी." मोठ्या भावाशी कुणी असं बोलत नाही, पण मी बोलले. तो हसला आणि म्हणाला, "अम्मी गेली असं मला वाटत होतं, ती तर इथे उभी आहे."

माझ्या घरात मग भाईचं पथ्य सुरू झालं. सांदणं बंद, शेवयांची खीर बंद, ईदला शीरखुर्मा नुसता वास घेण्यापुरता. सगळं त्याने मुकाट सोसलं. एकच गोष्ट मागितली. सुट्टीच्या सकाळी भाभी त्याला फ्रेंच टोस्ट करून द्यायची. जाड ब्रेड अंड्यात आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये बुडवायचा, तुपात लालबुंद तळायचा, वरून पिठीसाखर, आणि एवढ्यानं भागलं नाही तर खजुराचा पाक. म्हणाला, "तो पाव तेवढा राहू दे. महिन्यातून एकदा..." मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा असा पडला की माझ्याच्याने तिथे उभं राहवेना. किचनमध्ये गेले आणि डबे धुंडाळत बसले. गोडाचा भास व्हावा पण गोड तर नसावं, असं काय असतं घरात? दालचिनीची पूड हाताला लागली. ब्राउन ब्रेड, अंडी, पातळ दूध, दालचिनी, किंचित वेलची, चिमूटभर मीठ, तव्यावर तूप नावाला. मंद आचेवर, कारण आच वाढली की दालचिनी करपते आणि कडू होते. भाईने एक घास घेतला आणि म्हणाला, "हा कुठल्या हॉस्पिटलचा पाव?" माझी मुलगी झोया तेव्हा शाळेत जायची, तिला एवढं हसू आलं की दूध नाकातून बाहेर. "मामू, इट्स हेल्दी!" भाई म्हणाला, "हेल्दी? मग तूच खा बेटा."

पण खाल्ला. दर शनिवारी खात राहिला. सकाळी दालचिनीचा वास सुटला की काठी टेकत किचनच्या दारात हजर. ही पूड दुधात मिसळता मिसळत नाही, वर तरंगत राहते, आणि ब्रेडचा जो पहिला तुकडा बुडवाल त्यालाच सगळी जाऊन चिकटते. पहिला टोस्ट त्यामुळे काळपट व्हायचा, जिभेला झोंबायचा. तो भाई मागून घ्यायचा. मला वाटायचं, घरातला मोठा माणूस, बिघडलेलं आपल्या ताटात ओढून घेतोय. पुढे मला युक्ती सापडली, पूड आधी अंड्यात घोटून घेतली की सगळीकडे सारखी बसते. त्या दिवशी भाई कुरकुरला, "आज पहिल्या तुकड्यात मजा नाही." मी म्हटलं, "भाई, तुझी तक्रार कधी संपायची नाही." त्याची ती कुरकुर मी साखरेच्याच खात्यात टाकली. त्याने ताटलीतलं काहीही बाजूला सारलं की मला तीच साखर दिसायची. तो खिडकीतून समुद्राकडे बघत गप्प बसला तरी मला वाटायचं, हा आता भाभीच्या हातचा टोस्ट आठवत असेल. माझ्या पथ्याने याचे दिवस वाढले असतील, पण ते असे कोरडे दिवस वाढवून त्याला मी काय दिलं? सलीमला सांगितलं तर म्हणायचा, "तू नसतीस तर तो कधीच गेला असता." ते खरंच होतं, पण त्याने माझं समाधान होत नव्हतं.

मग किडन्यांनी हात टेकले. भाईनेच डायलिसिसच्या मशीनवर जायला नको म्हटलं. इजिप्तच्या डॉक्टरीणबाई होत्या, फार मायाळू. त्यांनी मला बाजूला घेतलं, माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "सिस्टर, खलास. नो मोर डाएट. जे मागतील ते द्या, जे आवडतं ते द्या." आता हरल्यासारखं वाटायला हवं होतं की नाही? पण माझ्या मनात पहिला विचार आला तो टोस्टचा. चला, आता तरी त्याला मनासारखा करून घालता येईल. घरी येताना वाटेतच सगळं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला किचनमध्ये येऊ दिलं नाही. पांढराशुभ्र जाड ब्रेड, कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा टिन, हात न आखडता तूप, वरून पिठीसाखर, आणि खजुराचा पाक असा की ताटलीत तळं साचलं. दालचिनीला हात लावला नाही. भाभी करायची तसाच्या तसा. भाईला तेव्हा फारसं काही जात नव्हतं, दोन घास भाताची पेज म्हणजे खूप. मी त्याला उशीला टेकवून बसवलं, म्हटलं, "भाई, डोळे उघड. बघ काय आणलंय. आज मनाई नाही." त्याने ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मनाई उठली याचा अर्थ काय ते न कळायला तो काय लहान होता? तरी हसला, आणि तोंड उघडलं.

घास तोंडात घोळवत राहिला... मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांचं देणं फिटणार म्हणून माझे डोळे आधीच भरून आले होते. आणि भाईने तोंड वाकडं केलं! लिंबू चोखल्यासारखं. पाण्याचा पेला मागितला, चूळ भरली आणि म्हणाला, "हे काय गं केलंस? नुसतं गोड गोड. घशात बसलं. दालचिनीचा पत्ता नाही."

मी म्हटलं, "अरे, भाभी करायची तसा केलाय. तुला हवा होता ना?"

"तेव्हा हवा होता. आता एवढी साखर कोण खातं?" मग जरा दम घेऊन म्हणाला, "माझा रोजचा कर. तो काळा तुकडा कर, पहिला."

मी तशीच उठले. घाईत एक अंडं ओट्यावर फुटलं. पूड अंड्यात घोटली नाही, दुधावरच टाकली, तरंगू दिली आणि पहिला तुकडा त्यात असा बुडवला की सगळी त्यालाच चिकटावी. भाईने तो अख्खा संपवला. पेज न जाणाऱ्या माणसाने! मग हात पुसून म्हणाला, "हां, हा टोस्ट." बस, एवढंच. मी किचनमध्ये येऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि हसत सुटले. हसताना रडूही येत होतं, पण माझा जीव भांड्यात पडला होता. म्हणजे तो उपाशी नव्हता. दर शनिवारी माझ्या दारात येऊन उभा राहणारा माझा भाऊ पथ्य सोसायला येत नव्हता, आवडीने यायचा. तो साखरेचा टोस्ट झोयाने संपवला, "मामू, यू आर मिसिंग आउट" म्हणत म्हणत. त्यानंतर भाईने जे काही खाल्लं ते तेवढंच, सकाळचा एक तुकडा. पुढे तोही जाईनासा झाला, आणि मग ती फजर आली.

आमच्याकडे चाळिसाव्याला मयताच्या आवडीचं करून चार माणसांना खाऊ घालतात. आठवडाभर आधीपासून फोन सुरू झाले. सांदणं कर, मालपोवे कर, शेवयांची खीर तर हवीच, अन्वरला गोडाचा एवढा शौक. मी लोकांसाठी बिर्याणी केली आणि त्याच्या नावाने मोठ्या थाळीत टोस्ट लावले. सलीम हळूच म्हणाला, "लोक काय म्हणतील? वरून थोडी साखर तरी भुरभुरव." मी मानेनेच नाही म्हटलं. रास अल खैमाहून भाईच्या कारखान्यातले जुने सोबती यासीनभाई आले होते, चिपळूणचे. दुआ झाली, त्यांनी एक टोस्ट उचलला, चावला, थांबले. इकडेतिकडे बघितलं, मग मला लाज वाटू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आपा, साखर घालायची राहून गेली वाटतं."

मी मात्र हलक्या आवाजात बोलले नाही. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही हो यासीनभाई. भाईला असाच आवडायचा."